लालभडक

कॉलनीच्या बागस्पर्धेत कस्तुराबाईच्या कोंबड्याच्या झाडाच्या लालभडक, तुरेदार फुलांकडं बघून परीक्षकबाई फाटकातूनच हसल्या. "आजी, प्लास्टिकची फुलं चालत नाहीत."

"आवं मॅडम, लोह्याच्या बाजारातून बियाणं आणून लावलंय मी!"

"इतका भडक रंग खरा नसतो हो," म्हणत त्यांनी पहिलं बक्षीस शेजारच्या सुकन्याच्या, रानातून उचलून आणल्यासारख्या हिरव्यागार वेलीला दिलं.

टाळ्या चालू असतानाच खाजाभाईची बकरी दावं तोडून आली. तिनं सुकन्याच्या वेलीचं पान ओढलं, चावलं, थुंकलं आणि थेट कस्तुराबाईच्या फुलांवर ताव मारला.

लोक हाकलायला धावले. एरवी बकरी दिसली की काठी उगारणारी कस्तुराबाई आज हात पसरून आडवी आली.

"खबरदार कुणी हाकललं तर! खऱ्या परीक्षकबाई आत्ता आल्यात!"