पहिला संदर्भ

"यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण शपथेवर सांगतो," म्हणत मी बायकोच्या खाटेशी स्टूल ओढलं.

एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ इतर अभ्यासक का देतात आणि एखाद्याचा का देत नाहीत, याचं गणित मांडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यावरच तिने आपला एकुलता एक निबंध लिहिला होता. त्याचा संदर्भ मात्र आजवर कुणीही दिला नव्हता. आणि आता डॉक्टरांनीही हात टेकले होते.

"पार उत्तरेच्या बर्फात एक प्राध्यापक राहतो. तुझा निबंध हातात पडला आणि गडी असा रंगला, की कपातला चहा गोठून दगड झाला तरी पत्ता नाही. मग त्याने तो सीलमाशांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आता त्याच्या नव्या निबंधात अगदी पहिला संदर्भ तुझाच आहे."

"तुमच्या ओळखीतला आहे का?"

"छे गं. ओळख ना पाळख. अगदी परका माणूस."

ती हसली आणि हसता हसता खोकली. मी पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरला.

"अहो, थापा मारण्याआधी निबंध तरी वाचायचा," ती म्हणाली. "सीलमाशांचं एक वेळ मी मानलं असतं. पण त्यात मी एवढंच तर सिद्ध केलंय, की पहिला संदर्भ कधीच परका माणूस देत नाही. जवळचंच कुणीतरी देतं."