लाइट आहे तोवर

गिटारीच्या वायरची पिन कुणाची जाड आणि कुणाची बारीक, यावर अर्धा तास गेला तेव्हा मानसीने चहाचे कप गोळा केले आणि मुद्दाम जरा आपटूनच ट्रेमध्ये ठेवले. कुणाचंही लक्ष गेलं नाही.

माधव नगरातल्या तिच्याच घराची ती बाहेरची खोली, आणि तिथे तिलाच बसायला जागा नव्हती. सोफ्यावर तिचा दीर मंदार, सतरंजीवर त्याचा कॉलेजातला मित्र हर्षल, खुर्चीत शेजारचे श्रीपादकाका. तिघांच्या मांडीवर तीन गिटारी, समोर तीन अँप्लिफायर, तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसलेले. घरोघरी केबल आल्यापासून पोरांना या गिटारीने झपाटलं होतं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण काकांना रेल्वेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. निदान त्यांना तरी कळायला हवं होतं.

मंडळाच्या गणपतीत यंदा तिला गायचं होतं. लग्न होऊन उज्जैनला आल्यापासून अकरा वर्षं ती आरतीच्या घोळक्यात मागे उभी राहून गात आली होती. यंदा स्टेजवर, एकटीने, गिटारीच्या साथीवर माहेरचं एक पद म्हणायची तिने हिंमत केली होती. मंडळाचे सेक्रेटरी वसंतराव साडेपाचला ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर कार्यक्रमातली दहा मिनिटं तिची, नाहीतर फॅन्सी ड्रेसची. लाइट चारला आली होती आणि सहाला जाणार होती. आता पाच वाजून गेले होते आणि तिने अजून तोंडदेखील उघडलं नव्हतं.

हर्षलची लालभडक गिटार त्याच्या मामाने अमेरिकेहून आणलेली. ती किती जड आहे हे तिघांनी आळीपाळीने उचलून पाहिलं. मग मंदारने मुंबईहून मागवलेली, पायाने दाबायची एक डबी काढली. ती दाबली की गिटारीचा आवाज बिघडलेल्या मिक्सरसारखा येई, आणि तो तसाच यायला हवा, असं मंदारचं म्हणणं होतं.

काकांची गिटार हवाइयन. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर स्टीलची कांडी फिरवत वाजवायची. तिचं पोट लाकडी आणि पोकळ. तिचा आवाज अँप्लिफायरमध्ये जावा म्हणून देवास गेटच्या एका रेडिओवाल्याकडून त्यांनी तिच्यावर मॅग्नेट बसवून घेतलं होतं. पोरं हसली. हर्षल म्हणाला, ही तर अर्धीच इलेक्ट्रिक. झालं, काका इरेला पेटले. ते मॅग्नेट कसल्या स्पीकरमधून काढलं आणि त्याला तांब्याची तार कुणी किती वेढे गुंडाळली, हे सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं.

मानसीने तिसऱ्यांदा विचारलं, आता सुरू करायचं का?

"बस दोन मिनट, वहिनी," हर्षल म्हणाला. "एकदा तिघांचा फुल व्हॉल्यूम चेक करून घेऊ."

तिघांनी बटणं शेवटपर्यंत फिरवली. स्वयंपाकघरातल्या वाट्या थरथरल्या. कुणाचा आवाज मोठा, यावर पुन्हा वाद झाला. शेवटी मंदारला सुचलं की वहिनीला सूरही विचारायला हवा.

"काळी चार," ती म्हणाली.

मंदार आणि हर्षलची बोटं सी आणि जी या पट्ट्या सोडून फारशी कुठे गेलीच नव्हती. हर्षलने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सीमध्येच गाऊन टाका न, वहिनी. क्या फर्क पडतो?"

मानसीच्या मनात आलं, ती लाल गिटार उचलावी आणि मामासकट अमेरिकेला परत धाडावी. ती काही बोलणार एवढ्यात पंखा मंदावला, अँप्लिफायरवरचे लाल दिवे विझले आणि खोली गप्प झाली. सहाची लाइट साडेपाचलाच गेली होती. आणि दारात वसंतराव उभे होते.

त्यांनी तिन्ही गिटारींकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. लाइटच नाही तर आता काय ऐकायचं, ते म्हणाले. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. त्यांना अजून दोन घरी जायचं होतं.

अकरा वर्षं थांबून शेवटी हे असं. पण या तिघांसमोर रडायचं नाही, एवढं मानसीने ठरवलं.

"पाच मिनिटं बसा," ती वसंतरावांना म्हणाली, आणि काकांकडे वळली. "काका, तुमच्या गिटारीवर काळी चार आहे?"

"कांडी सरकवली की सगळंच आहे, बेटा," काका जरा ओशाळून म्हणाले.

त्यांनी कांडी सरकवली. गिटारीच्या पोकळ पोटातून बारीक पण स्वच्छ सूर निघाला. खोलीत दुसरा आवाजच नव्हता, म्हणून तो दारापर्यंत पोचला. मानसी सतरंजीवर बसली आणि डोळे मिटून गायला लागली. ध्रुवपद झालं. वसंतरावांनी चपला काढल्या आणि ते आत येऊन बसले. मंदार आणि हर्षल आपापल्या मुक्या गिटारी धरून निमूट ऐकत होते. ती अंतऱ्याला आली, आवाज चढवला, आणि लाइट आली.

तिन्ही अँप्लिफायर एकदम किंचाळले. बटणं फुलवरच राहिली होती. हर्षलचा चेहरा उजळला, त्याचा हात तारांकडे गेला आणि मंदारचा पाय डबीकडे.

मानसी उठली. तिने बोर्डाचं बटण बंद केलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसली.

"लाइट आलेलीच नाही असं समजा," ती म्हणाली, आणि अंतरा पहिल्यापासून धरला.