खबऱ्याचा फोटो

फौजदारांनी ऑपरेटरबाईंच्या बेलवर बोट ठेवलं, तेव्हा समोरच्या दुकानाच्या पायरीवर फोटोवाले काका कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते.

पोलिसांची गाडी, शिपाई, फौजदार आणि संध्याकाळची भरलेली गल्ली. एवढं सगळं एका चौकटीत काकांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. जो तो मोबाइल घेऊन फिरायला लागल्यापासून त्यांच्या दुकानात माशीसुद्धा पोझ द्यायला येत नव्हती. कॅमेरा डोळ्याला कधी लागला, त्यांचं त्यांना कळलं नाही. दार उघडलं आणि खटाखट फोटो निघाले.

ऑपरेटरबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहायच्या. त्यांच्या घरात चोरीचे दागिने दडवलेत, अशी पोलिसांना खबर होती. पलंग उलटा झाला, कपाट रिकामं झालं, पिठाच्या डब्यात हात घालून एक शिपाई कोपरापर्यंत पांढरा झाला. मिळालं काय, तर सांधेदुखीचं तेल आणि तीन जुने चष्मे.

"माफ करा हं बाई, कुणीतरी खोडसाळपणा केला," म्हणत फौजदार निघून गेले.

पोलीस बाहेर पडले आणि गल्ली आत शिरली. ज्यांनी बाईंचं कधी नावही विचारलं नव्हतं, ते त्यांच्यासाठी हळहळू लागले. मास्तरीणबाईंनी डबे आवरले. इस्त्रीवाल्याने पलंग सरळ केला. त्या दिवसापासून बाईंकडे कुणी ना कुणी येऊन बसायला लागलं.

राहता राहिला एकच प्रश्न. खबर दिली कुणी?

"काय हो काका," इस्त्रीवाल्याने भर रस्त्यात विचारलं, "नेमका त्याच वेळी कॅमेरा बाहेर? आमंत्रण होतं वाटतं?"

"अरे, पुसत बसलो होतो."

"हो, खरंच की! आम्हीसुद्धा इस्त्री गळ्यात अडकवूनच हिंडतो."

लोक हसले. पुढे तेच बोलणं न हसता व्हायला लागलं. काका दिसले की मास्तरीणबाई रस्ता ओलांडायच्या. पेपरवाला पेपर लांबूनच भिरकवायचा. पूर्वी काकांकडे कुणी येत नव्हतं, आता न येणं ठरवून होऊ लागलं. या दोन्हींत फरक असतो. तो काकांना ताटावर बसल्यावर कळायचा.

शेवटी एका सकाळी त्यांनी त्या दिवसाचे सगळे फोटो मोठे करून पडद्यावर लावले. हिशेब सरळ होता. ज्याने खबर दिली, त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य कुठून येणार? आणि तोंडं वाचायची म्हणाल, तर एका रुसलेल्या नवरदेवाला काकांनी फोटोसाठी असा हसवला होता म्हणतात, की तो थांबेपर्यंत वऱ्हाड जेवून घरी गेलं.

एकेक चेहरा त्यांनी पारखला. इस्त्रीवाल्याचा जबडा असा उघडा, की कबुतराने आत संसार थाटावा. मास्तरीणबाईंचा हात छातीवर. पेपरवाल्याची सायकल आडवी. झाडून सगळी गल्ली चक्रावलेली. खबऱ्या म्हणून एकही तोंड सापडेना.

मग त्यांनी दारातला फोटो लावला आणि तो आणखी मोठा केला.

तो फोटो छापून ते भर दुपारी बाईंकडे गेले. बाई नेमक्या एकट्या होत्या.

"बाई, एक विचारू? दार उघडल्या उघडल्या काढलेला आहे हा. पोलीस अजून बाहेरच आहेत."

"बरं मग?"

"तुमची साडी परीटघडीची आहे. चेहऱ्यावर भीती नाही. आणि मागे टेबलावर कपबशा मांडल्यात. एकट्या माणसाला एवढे कप?"

बाईंनी फोटो हातात घेतला. लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"छान आलाय हो," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "फोनवर आवाज बदलून बोलले होते. जन्मभर तेच तर केलं. पत्ता नाही लागला त्यांना."

"पण स्वतःच्याच घरावर धाड? कशासाठी?"

"इथं राहायला आल्यापासून दारावरची बेल चालते की बिघडलीये, हेसुद्धा मला माहीत नव्हतं, काका."

बाईंनी फोटो काकांच्या हातात परत दिला. तेवढ्यात बाहेरून हाक आली. "अहो, जाग्या आहात ना?" मास्तरीणबाई होत्या.

बाईंनी डोळे पुसले. "त्यांना दाखवणार का?"

दाखवला असता, तर काकांच्या कपाळावरचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला असता. फोटो त्यांच्याच हातात होता. मास्तरीणबाई आत आल्या, काकांना पाहून थबकल्या आणि बाईंना म्हणाल्या, "हे कशाला आलेत इथं? आणखी काही शोधायचं राहिलं होतं का?"

"निघालोच," म्हणत काकांनी फोटो शर्टाच्या आत सरकवला.

दुकानात येऊन त्यांनी तो फोटो बारीक बारीक फाडला. दाढी केली. ठेवणीतला शर्ट घातला. केस विंचरले. मग फोन उचलून घसा खाकरला आणि होईल तितका जाड आवाज काढला.

"हॅलो, पोलीस ठाणं? एक खबर द्यायची होती. त्या ऑपरेटरबाईंच्या समोर फोटोचं दुकान आहे ना, खरा माल तिथं आहे... हो, एकटाच असतो, पण माणूस महाधोकादायक. जरा जास्त माणसं घेऊन या. आणि साहेब, येताना भोंगा वाजवत या."