पाहणीचा रस्ता

मोठी क्रीडास्पर्धा आपल्या शहराला मिळावी म्हणून वरपासून खालपर्यंत खटपट चालली होती. बाहेरचे पाहुणे पाहणीला येणार, म्हणून विमानतळापासून मैदानापर्यंतचा रस्ता आरशासारखा झाला. त्याच्या मागच्या गल्लीत मात्र नुसते खड्डे. तिथे राहणाऱ्या आत्याबाईंच्या यजमानांची चाकांची खुर्ची त्या खड्ड्यांपायी वर्षभर दाराबाहेर निघाली नव्हती.

पाहुण्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होता आत्याबाईंचा भाचा.

"उद्या जरा वाट चूक," त्या त्याला म्हणाल्या. "पालिकेच्या साहेबांना चारचौघांत लाज वाटली की डांबर आपोआप येईल."

"अगं आत्या, नोकरी जाईल माझी!"

"वाट चुकून नोकरी जात असती, तर तुझे साहेब कधीच घरी बसले असते."

भाचा वाट चुकला. गाडी तिसऱ्याच खड्ड्यात रुतली. अख्खी गल्ली हसत, ओरडत धक्का मारायला धावली. पाहुणेही बाह्या सरसावून खाली उतरले, चिखलाने माखले, आणि गाडी निघाली तेव्हा लहान मुलांसारख्या टाळ्या पिटू लागले. मागच्या गाडीतले साहेब घामाघूम झाले होते. ते बघून आत्याबाईंनी खुर्चीच्या चाकांना तेल घालायला घेतलं.

महिन्याभरात स्पर्धा शहराला मिळाली आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली:



"पाहुण्यांना शहरात सर्वांत जास्त आवडलेली जागा. आहे तशीच जपावी. खड्डे बुजवणाऱ्यास दंड होईल."