बसून सारवलेला कूड

समीक्षानं तेल पाजून वाळवलेली तुराटी पेटत्या काडीवर धरली. टोक काळं पडलं, थोडा धूर निघाला. काडी बाजूला घेताच तुराटी विझली.

"तेलानं आग विझती म्हणं," नरसिंग म्हणाला. "अन् मी जन्मभर तेल घालून दिवा लावत आलो."

"हे तसलं तेल न्हाई, आबा. करंजाचंच हाय, पण आम्ही लॅबमध्ये बदललंय त्याला."

गेल्या आठवड्यात शेजारच्या शिवप्पाचा गोठा जळाला होता. ते कळल्यावर ती तेलाचा डबा घेऊन नांदेडहून आली होती. आई, कोंडाबाई, गेल्यापासून बाप एकटा राहत होता. घर तुराट्यांच्या कुडाचं, आणि चूल आतच.

तीन बाजू खरवडून, तेल लावून झाल्या. चुलीमागचा कूड उरला. तिनं खुरपं उचललं.

"याचं सारवण काढते. शेणामातीवरून तेल आत मुरत न्हाई."

"तो राहू दे."

"आबा, पेटला तर हाच आधी पेटंल."

"माती जळत न्हाई."

"पण ही तडकलीय. पावसाळ्यात गळून पडंल. मग?"

ती कुडाजवळ गेली. कमरेच्या उंचीपर्यंत सारवण होतं, त्यात बोटांचे अर्धगोल उमटलेले. त्याच्या वर जुनी माती झडून तुराट्या उघड्या पडल्या होत्या.

"आईनं अर्धंच का सारवलं?"

"बसून सारवलं. उठायला येत नव्हतं तिला."

"मला तर फोनवर म्हणली, बरी हाय."

"पोरीची परीक्षा होऊ दे म्हणली."

समीक्षा खुरपं धरून तशीच उभी राहिली.

"तसंबी पडणारच हाय हे, आबा," ती हळूच म्हणाली.

"पडू दे. आपण नको पाडू."

तिनं खुरपं खाली ठेवलं. ब्रश बुडवून ती वरच्या उघड्या तुराट्यांना तेल लावू लागली. आधी तुराट्यांनी ते पिऊन घेतलं. मग एक ओघळ सुटला आणि सारवणाकडं उतरू लागला.

नरसिंग पुढं झाला. त्यानं ओघळाखाली तळहात आडवा लावला, आणि तिचं काम संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.