अकरावा मंगळवार

"या पाणथळ जागेचं बारसं आणखी किती मंगळवार चालायचं?" काळ्या पावावर लोणी फासत झेनोनास पुटपुटला.

कौनासमध्ये आम्ही चौघं निवृत्त माणसं पर्यावरणाच्या इंग्रजी शब्दांना लिथुआनियन शब्द ठरवतो, आणि एकाचीही हरकत असली तर शब्द कोशात जात नाही. आता पाणथळ जागेचा, म्हणजे 'वेटलँड'चा, एकच शब्द उरला होता आणि याद्विगाबाई दर मंगळवारी त्यावर नवी हरकत काढत होत्या. अकराव्या मंगळवारी मात्र त्या म्हणाल्या, "मान्य. छापा एकदाचा कोश."

कुणी टाळी वाजवली नाही, की कोट घ्यायलाही उठलं नाही.

 

शेवटी झेनोनासच म्हणाला, "बाई, काढा ना अजून एखादी हरकत. मंगळवार सोडला तर आपल्याशी बोलतं कोण?"