आत जाणारं माप

डॉक्टरांची बायको तीन पायांची खुर्ची घेऊन दुकानात आली, तेव्हा मास्तर भिंतीवरचा शेवटचा रंधा काढत होते.

"भाऊजी, चौथा पाय तेवढा लावून द्या. ह्यांचं एवढंच राहिलंय." तिने पिशवीतून लाकडाचा तुकडा काढून बाकावर ठेवला. डॉक्टरांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात उपटायचे आणि रविवार उजाडला की इथे हजर. दुकान सुतारकामाच्या हत्यारांचं. मागे शिकंजा लावलेलं मोठं बाक आणि त्याभोवती हौशी मंडळी. कुणी लाकडी पेटी करायचं, कुणी पक्ष्यांसाठी घर. दुकानदार सगळ्यांना शिकवायचा, चुकलं की फाडून खायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर पडलं. पुढे मंडळी पांगली. कुणाचे हात थरथरायला लागले, कुणाची सून म्हणाली घरात भुसा नको. नवी पोरं यायची, रंध्याचा फोटो काढायची, फोनवर भाव बघायची आणि "सांगतो" म्हणून जायची ती जायचीच. मास्तरांनी रागावून पाहिलं, गोडीगुलाबीने घेऊन पाहिलं, फुकट शिकवतो म्हणूनही सांगून पाहिलं. कुणी फिरकलं नाही. आज दुकानाचा शेवटचा दिवस होता. बाकसुद्धा एका बेकरीवाल्याने घेतलं होतं, वर काच टाकून केक मांडायला.

पाय लावायचा म्हटल्यावर मास्तर तो तुकडा नुसताच उलटसुलट करत राहिले. एक गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. ते धार लावून द्यायचे, हात कसा धरायचा ते दाखवायचे, दुसऱ्याच्या फळीवर दोन हात मारायचे. पण स्वतःचं म्हणून साधं स्टूलही त्यांनी कधी पुरं केलं नव्हतं. करू की सावकाश, दुकान कुठे पळून जातंय, असं म्हणता म्हणता दुकानच निघालं होतं.

"दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ या का, वहिनी? चांगल्या हाताचं."

"दुसरं कोण आहे?"

मास्तरांनी मनातल्या मनात एकेकाचं दार ठोठावून पाहिलं. खरंच कोणी नव्हतं.

मग त्यांनी लाकूड शिकंज्यात आवळलं. माप घेतलं, रेघ मारली, करवत चालवली. पायाच्या वरच्या टोकाला खुंटी कोरली, बैठकीतल्या भोकात बसेल अशी. काम हाताला लागलं तसे ते चक्क गुणगुणायला लागले. खुंटी भोकात अशी नेमकी बसली की त्यांना डॉक्टरांना हाक मारावीशी वाटली. खुर्ची उचलून त्यांनी जमिनीवर ठेवली, आणि ती एका अंगाला कलंडली.

पाय दोन बोटं आखूड झाला होता. बाहेर दिसतो तेवढाच त्यांनी मोजला होता. भोकात जाणारी खुंटी मापात धरलीच नव्हती. "आत जाणारं धरलंत का?" असं म्हणून ज्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला, तेच मास्तर. नवा पाय करावा तर लाकूड ना तिच्या पिशवीत होतं, ना दुकानात.

"माती खाल्ली मी, वहिनी." त्यांनी करवत बाकावर टाकली. "गेलेल्या माणसाचं काम नासवलं."

"आता?"

"आता बाकीचे तीन कापून ह्याच्याएवढे करायचे. खुर्ची बुटकी होईल."

तिने कलंडलेली खुर्ची धरून सरळ उभी केली. मग म्हणाली, "कापा."

ते तीन पाय डॉक्टरांनी घासून घासून काचेसारखे गुळगुळीत केले होते. कापताना मास्तरांना डोळ्यांपुढची रेघ धड दिसत नव्हती. काम उरकतंय तोवर टेम्पोवाले आले आणि बाक उचलून घेऊन गेले. रिकाम्या दुकानात तेवढी खुर्ची उरली. तिच्यावर डॉक्टरांची बायको बसली. वाकून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

"टेकले की हो," ती म्हणाली. "आमच्या घरातलं सगळं ह्यांच्या उंचीचं. जन्मभर पाय लोंबकळत ठेवून जेवले मी. माझं माप म्हणून कधी घेतलं नाही ह्यांनी."

"अहो, ही तुमच्यासाठीच होती! एकदा म्हणाले होते मला, ही हिच्यासाठी करतोय म्हणून."

तिने चटकन वर पाहिलं. "मला नाही कधी म्हणाले." खुर्चीच्या हातावरून तिने एकदा हात फिरवला. "सगळे रविवार इथेच गेले त्यांचे. अजून काय काय बोलायचे हो माझ्याबद्दल?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. सागवान, सरस, पॉलिश, धार. खुर्चीबद्दलचं ते एक वाक्य सोडलं तर इतक्या वर्षांत डॉक्टर दुसरं काही बोलले नव्हते, आणि मास्तरांनीही कधी विचारलं नव्हतं. तिची नजर त्यांच्या तोंडावरून हलेना. शटर ओढायचं सोडून ते तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"पुष्कळ बोलायचे," ते म्हणाले. "तुमच्या हसण्याबद्दल तर नेहमीच."

"खोटं बोलताय, भाऊजी." तिने पदराने डोळे टिपले. "पण बोला."